पाळलेला तित्तर

गाडीतळाच्या पुढं भिंत सुरू होते
आणि बराच वेळ संपत नाही.
मोबाईल जमा, पर्स जमा, पाण्याची बाटलीसुद्धा.
आत न्यायला परवानगी :
चाळीस फॉर्म, दोन निळी पेनं, आणि मी.

वैजयंती मॅडमच्या अर्जात मी आहे
'स्थानिक भाषा साहाय्यक'.
म्हणजे त्यांना आमची बोली येत नाही
आणि मला संशोधन येत नाही,
असं कागदावर ठरलंय.

नाव गुलछडी काळे. मुक्काम?
इथं ती थांबली.
शिरूरच्या गायरानातली पालं होळीला उठवली,
त्याआधीचा सांगू, का नंतरचा?
फॉर्मात एकच ओळ होती.

मातृभाषा?
"कोर्टात बोलत्यात ती नव्हं."
यापूर्वी अटक?
ती बोटं मोजायला लागली,
स्वतःची, मग नवऱ्याची, दिराची,
मग शेजारच्या पालातल्या पोराची,
ज्याला भलत्याच्याच नावानं नेलं.
बोटं संपली तशी माझा हात ओढून घेतला
आणि माझ्या बोटांवर मोजलं.
मॅडम हळूच म्हणाल्या, फक्त तिची स्वतःची.
मी सांगितलं.
ती हसली. "स्वतःची म्हंजे?"

जामीन मंजूर होऊन अकरा महिने झाले.
जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे.
आमच्या ओळखीत सातबारा असलेला माणूस
म्हणजे ज्यानं बांधावरून हाकललं, तो.

मग तिनं मला पेन खाली ठेवायला लावलं
आणि आमच्या बोलीत, मला एकटीलाच, विचारलं :
तुझ्या बापानं तित्तर पाळला होता का गं?

होता. पिंजऱ्यात, फडक्यानं झाकलेला.
पहाटे बाप त्याला माळावर ठेवायचा,
भोवतीनं फासे मांडायचा, आडाला बसायचा.
तित्तर साद घालायचा.
रानातले यायचे,
आपलंच कुणी बोलावतंय म्हणून.
संध्याकाळी त्याला मूठभर वाळवी.

"तुला किती मिळत्यात, एका दिसाचे?"

सातशे, म्हटलं.
काय म्हणाली, मॅडमनी विचारलं.
घरची विचारपूस करतेय, मी म्हणाले.

"आणि अंड्यावरची मादी घावली तर
काय करायचा तुझा बाप?"
सोडायचा.
"मग तसंच कर.
समदं उचलून नेऊ नको.
माझ्या पोरी कुणाकडं हायेत, ते लिहू नको.
तेवढं सोड."

प्रश्न एकतीस कोरा राहिला.
पर्णकुटी चौकात सिग्नल लाल होता,
मॅडमनी फॉर्म चाळताना बोट तिथंच ठेवलं.
मी खरं ते सांगितलं. तित्तराचं, सातशेचंही.
सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले.
गाडी पुढं काढत त्या म्हणाल्या,
हे प्रश्न आधी तिलाच दाखवायला हवे होते.
तिला आणि मला, मी म्हटलं.
त्यावर पूल संपेपर्यंत कुणीच बोललं नाही.

पुढच्या गुरुवारी फॉर्म नेले नाहीत.
कोरे कागद नेले. गेटवरच्या बाईंनी
ते उलटसुलट करून पाहिले :
यावर काही लिहिलेलंच नाही की.
हो, अजून नाही.

गुलछडीनं आधी विचारलं, हे वाचणार कोण?
मग, वाचून झाल्यावर आमाला सांगणार कोण?
मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं,
उत्तर दिलं नाही. ते मला आवडलं.

मग तिनं भिंतीकडं बघत
एक एक शब्द मोजून सांगितलं,
मी आमच्या बोलीतच उतरवलं :

पोलिसाला विचारा,
चोरी कुठं झाली हे कळायच्या आधी
आमचं पाल कुठं हाय
हे तुमाला कसं कळतं?

मॅडमनी कागद ओढून घेतला, बराच वेळ बघितला.
मग माझ्याकडं.
थांबा, मी म्हटलं,
तिचं अजून संपलेलं नाही.